चारशे सतरा वॉशर

भंगाराच्या यादीत माझा सत्ताविसावा नंबर आहे. माझ्या आधी 'मोडकी बाकं, चार' आणि माझ्यानंतर 'पत्र्याची बादली, बूड नसलेली'. माझ्यापुढे शाळेच्या कारकुनानं काय लिहिलंय, ऐकायचंय? 'लाकडी कपाट, बटणांसह, एक नग.'

मित्रांनो, मी कपाट नाही. मला दार नाही, कप्पे नाहीत, माझ्यात आजवर कुणी साधी वहीसुद्धा ठेवलेली नाही. मी जुना गेमचा पेटारा आहे. माणसाच्या उंचीचा, छातीवर काच, काचेखाली एक दांडी आणि दोन बटणं, एक लाल आणि एक पिवळं. लाल बटणाचा रंग उडून ते गुलाबी दिसतं, पण ते लालच आहे. उद्या सकाळी भंगाराची गाडी येणार, म्हणून बावीस वर्षांनी मला जिन्याखालच्या खोलीतून ओढून व्हरांड्यात उभं केलंय. त्या खोलीत माझ्याशी बोलायला एक पाल होती, तीही मागच्या उन्हाळ्यात गेली. आज तुम्ही सापडला आहात, तर घटकाभर बसा.

माझा जन्म एका सुताराच्या आणि एका तारजोडणी करणाऱ्या बाईच्या हातून झाला. सुतारानं माझं अंग घडवलं आणि बाईनं माझ्या पोटात तारांचं जाळं विणलं. आम्ही एकाच वेळी बाराजण तयार झालो. बाकीचे अकरा कुठे गेले, मला ठाऊक नाही. कुणाची खुशाली कधी कळली नाही. मी एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये गेलो. माझ्या खाचेत नाणं टाकलं की माझ्या काचेवर एक बुटका माणूस उड्या मारत निघायचा. काय ते दिवस होते. माझ्यापुढे रांग लागायची. दांडी धरून धरून मुलांच्या तळहाताला घट्टे पडायचे आणि मुलं ते घट्टे एकमेकांना मिरवून दाखवायची. मी जरा चढून गेलो होतो, हे कबूल करतो. मला वाटायचं, हे असंच चालणार.

मग घरोघर लहान लहान यंत्रं आली. रांग आटली. पार्लरच्या मालकानं एकेक दिवा काढून घेतला आणि एके दिवशी कुलूप लावलं. मला न्यायला कुणी तयार नव्हतं. मालकाचा एक शाळासोबती होता, शाळेत मुलांना धावायला शिकवायचा. त्याला सगळे कोच म्हणायचे. मालक त्याला म्हणाला, "ने बाबा हा पेटारा. फुकट ने, पण ने."

कोचनी मला का नेलं ते सांगतो. त्या वर्षी सातवीच्या गणिताच्या बाई लांबच्या रजेवर गेल्या होत्या. मुख्याध्यापिकेला शाळेत सगळे बड्या बाई म्हणत. त्यांनी कोचना सांगितलं होतं, "तासाला मुलं सांभाळा, बाकी काही करू नका." कोच गळ्यात शिट्टी अडकवून वर्गात उभे राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं, की मैदानावर उंडारणारी हीच मुलं अपूर्णांक म्हटलं की तोंडात गुळणी धरून बसतात. फळ्याजवळ बोलावलं की पाय उचलत नाहीत. चुकलं तर वर्ग हसेल, ही भीती.

कोचची एक भाची टीव्ही आणि गेमची यंत्रं दुरुस्त करायची. मोठी फटकळ बाई. तिनं माझी पाठ उघडली आणि नाक मुरडलं.

"मामा, अपूर्णांक शिकवायला फळा पुरतो. ह्याचं पोट कशाला फाडायचं?"

"फळ्यावर चुकलं की पोर खाली मान घालून जागेवर जातं," कोच म्हणाले. "ह्याच्यावर चुकलं की बुटका पडतो आणि परत उभा राहतो. मला तेवढंच हवंय. मैदानावर पडलेल्या पोराला मी शून्य देतो का? उचलतो, विचारतो, पुन्हा पळवतो."

भाचीनं सहा रविवार माझ्यात डोकं घातलं. सातव्या रविवारी माझ्या काचेवर नदी आली. नदीवर अर्धवट पूल. बुटक्याला पलीकडे न्यायचं, तर उरलेल्या जागेत नेमक्या मापाची फळी बसवायची. फळ्यांवर अपूर्णांक लिहिलेले. फळी लहान पडली किंवा मोठी झाली, तर बुटका पाण्यात धपकन पडे आणि ओला होऊन पुन्हा अलीकडच्या काठावर येई. असे दहा पूल. मुलानं आधी दांडीनं आपला हजेरी नंबर घालायचा आणि मग खेळायचं. कोणत्या नंबरानं किती वेळा खेळून पाहिलं, तो आकडा मी वरच्या कोपऱ्यात दाखवायचो. तो आकडा कोचनी मुद्दाम मागून घेतला होता. धावणाऱ्यांच्या फेऱ्या मोजायची सवय त्यांना.

आता नाणी कुठून आणायची? शाळेत नाणी नकोतच, असं कोच म्हणाले. भाचीनं आपल्या पिशवीतले वॉशर काढले. वॉशर म्हणजे नटाखाली घालतात ती मधे भोक असलेली लोखंडी चकती. ती माझ्या खाचेत नेमकी बसली. एक वॉशर, एक खेळ. पहिला वॉशर कोच हसत द्यायचे. दुसऱ्यापासून दोन प्रश्न.

"काय झालं?" आणि "आता काय बदलशील?"

उत्तर चुकलं तरी वॉशर मिळे. 'माहीत नाही' म्हटलं तर मिळत नसे. नियम एवढाच. पंधरा दिवसांत ह्या व्हरांड्यात पार्लरसारखी रांग लागली. मुलं रांगेत उभी राहून एकमेकांना सांगायची, "मी तिसऱ्याला फळी मोठी घेतली रे, आता निम्मी घेणार." शिपाईकाका चहा पिता पिता दोन पूल खेळून जायचे आणि दुसऱ्या पुलावर हटकून बुडायचे. मी पुन्हा कुणाच्या तरी उपयोगाचा झालो होतो, मित्रांनो. त्यापेक्षा मोठं सुख मला ठाऊक नाही.

त्या रांगेत एक मुलगी होती. वर्गानं तिचं नाव पुटपुट ठेवलं होतं, कारण ती बोलायची ते फक्त स्वतःच्या ओठांना ऐकू जायचं. तिला आई नव्हती. वडील पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, जे सांगाल त्याच्या. मागच्या वर्षी ती गणितात काठावर पास झाली होती. ह्या वर्षी गणित जमलं नाही, तर तिला शाळेतून काढून आत्याच्या शिवणाच्या दुकानात बसवायचं, असं घरात ठरलं होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मला मात्र कळलं. खेळताना ती पुटपुटायची आणि माझी काच तिच्या तोंडापासून वीतभर लांब होती.

पहिला वॉशर तिनं संपवला, बुटका बुडाला. मग तीन दिवस ती रांगेत उभी राहिली आणि कोचसमोर आली की गुपचूप निघून गेली. प्रश्नाचं उत्तर द्यायची तिची छाती नव्हती. चौथ्या दिवशी ती हलली नाही. कोच गुडघ्यावर बसले आणि त्यांनी कान तिच्या तोंडाजवळ नेला.

"मी वरचे वरचे मिळवले," ती म्हणाली. "खालचे खालचे मिळवले."

"आणि आता काय बदलशील?"

मागची मुलं चुळबुळायला लागली. कोचनी एका हातानं त्यांना थांबवलं.

"अर्धी फळी आणि अर्धी फळी," ती म्हणाली. "माझ्या रीतीनं दोन छेद चार येतात. म्हणजे परत अर्धीच. असं कसं होईल? दोन अर्ध्या लावल्या तर पूर्ण व्हायला पाहिजे."

कोचनी एक वॉशर दिला आणि वर आणखी एक दिला. नियम मोडून दिला, मी पाहिलं.

पुढे तिला वाट सापडली ती तिच्या घरातच. वडील पाटीवर अक्षरं काढण्याआधी पाटीचे सारखे भाग पाडतात आणि मग कोणत्या अक्षराला किती भाग ते ठरवतात. तसंच फळ्यांचं करायचं, आधी सगळ्यांचे सारखे तुकडे पाडायचे, हे ती एक दिवस मला पुटपुटत सांगत होती. मला म्हणजे काचेला. तरी मी ते मला सांगितलं असंच धरतो.

पण एकदम जमलं असं समजू नका. ती पडली, पुन्हा पडली, पडतच राहिली. दुसऱ्यांचे सहा पूल झाले तेव्हा तिचा तिसरा चालू होता. पहिल्या नंबराच्या मुलाला आम्ही एकपाठी म्हणायचो. तो अकरा वॉशरमध्ये दहाही पूल ओलांडून गेला आणि परत फिरकला नाही. पुटपुट रोज यायची. दर वॉशरला दोन प्रश्नांची दोन उत्तरं द्यायची. आता मोजा, वर्षभरात ती किती बोलली असेल. दिवाळखोर पार्लरमधून आलेल्या पेटाऱ्यापुढे त्या पोरीला तोंड फुटलं. दोनशेव्या वॉशरला कोच उभ्यानंच ऐकत होते, गुडघ्यावर बसावं लागत नव्हतं.

कोचचं एक बक्षीस होतं. महिनाअखेरीला ज्याच्या नावापुढे सर्वांत मोठा आकडा, त्याला एक दिवस त्यांची शिट्टी. लहान नव्हे, मोठा आकडा. "जास्त पळला त्याचं कौतुक," असं ते म्हणायचे. सलग तीन महिने शिट्टी पुटपुटला मिळाली. पहिल्यांदा तिनं ती इतकी जोरात फुंकली, की मैदानावरची सगळी पोरं जागच्या जागी थांबली आणि बड्या बाई खिडकीत आल्या. पुटपुट स्वतःच घाबरली. मग हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

वर्ष संपत आलं तेव्हा ती दहाव्या पुलावर होती. पुलावर एक छेद सहा आणि तीन छेद आठ अशा दोन फळ्या आधीच बसवलेल्या, तिसरी हवी. कोच मुलांना घेऊन आठवडाभर धावण्याच्या स्पर्धांना निघाले होते. जायच्या आधी, बॅग खांद्याला अडकवलेली असताना, त्यांनी तिला विचारलं, "काय झालं?"

"मी बारा तुकडे पाडले. बारा सहाला चालतात, आठला चालत नाहीत."

"आता काय बदलशील?"

"दोघांना चालेल असा आकडा शोधीन."

त्यांनी तिला वॉशर दिला. तेवढ्यात शेवटच्या तासाची घंटा झाली. माझ्या कोपऱ्यात तिचा आकडा होता चारशे सतरा. उद्या तो चारशे अठरा होणार होता.

त्याच आठवड्यात तपासणीचे साहेब येणार असल्याचं पत्र आलं. खेळातून शिक्षण देणारी शाळा म्हणून आमचं नाव कुठेतरी वर पोचलं होतं. बड्या बाई हरखल्या. वाईट नव्हत्या हो त्या. त्यांना शाळेचा फार अभिमान होता, आणि माझ्यापुढे त्या कधी खेळल्या नव्हत्या, एवढंच. त्यांनी कारकुनाला माझ्यापुढे बसवून सगळे आकडे उतरवून घेतले. आकडे बदलू नयेत म्हणून फलक होईपर्यंत माझ्यावर खेळायला मनाई झाली. साहेबांना एका नजरेत दिसावं म्हणून मोठा फलक करायचं ठरलं. वर हुशार, खाली कच्चे. कमी प्रयत्नांत जमलं तो हुशार, असा त्यांनी सरळ हिशेब केला. विचारायला कोच गावात नव्हते.

फलक रंगवायला पाटीवाल्याला बोलावलं. गावात चांगला पाटीवाला एकच होता.

ते व्हरांड्यात, माझ्या अगदी समोर, फलक भिंतीला टेकवून बसले. काम बघावं तर असं. दोरी खडूच्या भुकटीत बुडवून ताणायची, चिमटीनं उचलून सोडायची, की फळीवर सरळ रेघ उमटे. त्यांची एक सवय होती. यादीवर लाकडी पट्टी ठेवायची आणि एकच ओळ उघडी ठेवायची. एक नाव रंगवून झालं की पट्टी एक ओळ खाली. ओळ चुकू नये म्हणून. खालची नावं ते आधी वाचतच नसत.

"बाई, हे आकडे कशाचे?" त्यांनी सुरुवातीलाच विचारलं होतं.

"किती वेळा करावं लागलं त्याचे," बड्या बाई म्हणाल्या. "जितका लहान आकडा, तितकं मूल हुशार."

"असं होय."

एकपाठीचा अकरा रंगवताना ते म्हणाले, "शाबास." दुसऱ्या दिवशी आकडे शंभराच्या पुढे गेले तेव्हा ते चुकचुकायला लागले. "कुणाचं लेकरू आहे कोण जाणे," असं ते एका नावाला म्हणाले. मला सगळं समजत होतं, मित्रांनो. पण मला आकडा दाखवता येत होता, त्या आकड्याची हकिकत सांगता येत नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पट्टी शेवटच्या ओळीवरून खाली सरकवली. ते नाव वाचलं. मग आकडा वाचला. ब्रश डबीच्या काठाला टेकवला. वर्गातून पाढ्यांचा आवाज येत होता. शिपाईकाकांनी त्यांच्यापुढे चहा आणून ठेवला, तो गार झाला.

मग त्यांनी ब्रश उचलला आणि ते नाव रंगवलं. कुठे घाई नाही, कुठे हात हलला नाही. अख्ख्या फलकावर तेवढं देखणं अक्षर दुसरं नव्हतं. चारशे सतरामधला सात त्यांनी दोनदा पुसून पुन्हा काढला, कारण पहिल्यांदा तो थोडा कलला होता.

दुसऱ्या दिवशी ते अर्ज घेऊन आले. मुलीचं नाव काढून टाकण्याचा अर्ज. बड्या बाईंनी दोन शब्द समजावून सांगितले, पण फलक त्यांनीच करवून घेतला होता, त्या काय बोलणार. पुटपुट माझ्यासमोर उभी होती. मुठीत वॉशर. कार्यालयाच्या दारातून वडील बाहेर आले.

"बाबा," ती म्हणाली, "कोच आले की..."

ते परत तिच्या ओठांतच राहिलं. वर्षभर मिळवलेला आवाज नेमका तेव्हा कुठे गेला, मला कळलं नाही. वडील तिच्यावर ओरडले नाहीत. "चल बाळा, उगाच का जीव जाळतेस," एवढंच म्हणाले, आणि ते इतकं मायेनं म्हणाले, की तिनं त्यांचं बोट धरलं. ती गेली. वॉशर तिच्या मुठीतच गेला.

कोच आले आणि तसेच तिच्या घरी गेले. परत आले तेव्हा भाची माझी बटणं घट्ट करत होती. ते पायरीवर बसले.

"काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"म्हणाले, माझ्या हातानं लिहिलंय साहेब, माझ्या हातून कधी चुकीचं लिहिलं गेलं नाही. मी म्हटलं, तुम्ही बरोबर लिहिलंय, आम्ही उलटं वाचलं. त्यांना वाटलं, मी मन राखायला बोलतोय." कोचनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात घातली. "तो आकडा मीच मागून घेतला होता गं. त्याच्याखाली एक ओळ लिहायला सांगायची राहून गेली."

भाचीनं माझं शेवटचं बटण घट्ट केलं आणि त्यांच्याशेजारी पायरीवर येऊन बसली.

फलक लागला. साहेब आले, खूश होऊन गेले. आणि माझ्यापुढची रांग एका आठवड्यात संपली. आकडा वाढला की नाव खाली जातं, हे कळल्यावर कोण खेळणार? मुलं वॉशर खिशात ठेवून दुसऱ्याला म्हणायची, "तू जा आधी." कोणीच आधी जात नसे. नव्या वर्षी गणिताच्या बाई रजेवरून आल्या, कोच मैदानावर परतले. माझी वायर काढली गेली. नंतर भिंती रंगवताना फलकही काढला, आणि आम्हा दोघांना जिन्याखालच्या खोलीत कोंबलं. फलक माझ्या काचेसमोर टेकवला. बावीस वर्षं मी तेच बघत होतो, खालून पहिली ओळ. कोच निवृत्त होण्याच्या दिवशी एकदा आले होते. त्यांनी माझ्या माथ्यावर हात ठेवला, धूळ बघितली आणि खिशातल्या रुमालानं पुसली. मग तेही आले नाहीत.

एकटं राहण्याची सवय होते, असं लोक म्हणतात. मला झाली नाही. भिंतीपलीकडे वर्ग होता. घंटा झाली की पावलं धावत यायची आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, ह्या खेपेला दार उघडेल.

आज उघडलं, पण भंगारासाठी. मला बाहेर आणलं, माझ्या अंगाला फलक टेकवला आणि हमाल निघून गेले. आज पालकांना भेटायला बोलावलेला दिवस आहे, हे मला नंतर कळलं. समोरच्या बाकावर एक बाई येऊन बसली. गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली, म्हणजे दुकानातून थेट आली होती. शेजारी दहा-अकरा वर्षांची तिची लेक, बुटाच्या टोकानं फरशी उकरत. बाईच्या हातात एक छापील कागद होता.

वर्गातून तरुण शिक्षिका दारापर्यंत आल्या. हातात पाटीएवढा टॅब. आता तिथे सगळी मुलं टॅबवर खेळत शिकतात. बरोबर आलं की तो टाळ्या वाजवतो. आत अधूनमधून टाळ्या ऐकू येत होत्या.

"ताई, घाबरू नका, शिक्षा वगैरे काही नाही," शिक्षिका म्हणाल्या. "पण हिला एका धड्याला छत्तीस प्रयत्न लागले. बाकीच्यांना पाच-सहा. यंत्रच सुचवतंय, की तिला संथ गटात घालावं. तुमची त्या कागदावर सही झाली की झालं."

बाईनं कागद पाहिला. मग तिची नजर माझ्याकडे वळली. माझ्याकडून फलकाकडे. ती उठली, फलकाजवळ उकिडवी बसली आणि पदरानं शेवटची ओळ पुसली. ओठ हलले. ते ओठ मी कुठेही ओळखले असते.

"बाबांचं अक्षर," ती म्हणाली. "सात बघा कसा काढलाय."

शिक्षिकांना काही कळलं नाही. ती लेकीकडे वळली.

"छत्तीस वेळा केलंस?"

मुलीनं मान खाली घातली.

"मला एक सांग. छत्तिसाव्या वेळी काय झालं?"

मुलगी काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. शिक्षिकाही वाकल्या. मुलगी पुन्हा बोलली, जरा मोठ्यानं. कोन कुठून मोजायचा ते ती उलट्या बाजूनं धरत होती.

"आणि आता काय बदलशील?"

"ह्या बाजूनं मोजीन."

शिक्षिका तशाच वाकलेल्या राहिल्या. "हे मला कधी बोलली नाही ती," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "मीही विचारलं नाही म्हणा. आकडा समोर येतो, तो बघतो आम्ही."

"बाई, मी सही करणार नाही," पुटपुट म्हणाली. स्वच्छ म्हणाली, व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाईल अशी. "तो आकडा चुकांचा नाही. इतक्या वेळा ती परत खेळायला बसली, त्याचा आहे. माझ्या वेळी हे माझ्या बाबांना सांगता आलं नाही मला. ते गेले तोपर्यंत त्यांना वाटत राहिलं, की माझंच डोकं चाललं नाही."

शिक्षिकांनी कागद परत घेतला. दुमडून टॅबखाली ठेवला आणि मुलीला म्हणाल्या, "चल, सदतिसावी वेळ माझ्यासमोर कर." दोघी आत गेल्या.

पुटपुट माझ्यासमोर उभी राहिली. कमरेला दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा होता. त्यातून तिनं नखानं एक लोखंडी चकती सोडवली. वापरून वापरून ती गुळगुळीत झाली होती. माझी काच काळी होती, वायर कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला ते दिसत होतंच. तरी तिनं दांडी धरली.

"चोवीस तुकडे," ती मला पुटपुटत म्हणाली. "त्यातले चार आणि नऊ झाले. राहिले अकरा. अकरा छेद चोवीस."

आणि तिनं वॉशर माझ्या खाचेत सोडला. तो खणखणत माझ्या रिकाम्या पोटाच्या तळाशी गेला.

मित्रांनो, आता ऊन कलतंय. उद्या गाडी येईल. मला तोडतील, माझी फळी कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्याला लागेल, त्याचं मला फारसं काही नाही. तुमच्याकडे माझ्याहून शहाणी यंत्रं आहेत, टाळ्या वाजवणारी. ती नीट वापरा, पुसून ठेवा, धक्का लावू नका. पण त्यांना आकड्याखेरीज काही सांगता येत नाही, हे विसरू नका. आम्ही यंत्रं त्या बाबतीत मुकी असतो. म्हणून शेजारचं कुणी पुन्हा पुन्हा पडताना दिसलं, तर त्याच्याजवळ जरा वाका आणि ते दोन प्रश्न विचारा. उत्तर हळू आलं, तर कान जवळ न्या.

आणि त्या यादीतलं माझं नाव कुणी दुरुस्त केलं, तर बरं वाटेल. 'कपाट' खोडा. लिहा, गेमचा पेटारा, एक. कोपऱ्यातला आकडा, चारशे अठरा. दहावा पूल पार.